अस्सल पेरीक

तंबाखूचे रोप आपल्या देशात आले, त्याला आता चार शतकांहून अधिक काळ लोटला. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि तेथून दख्खनच्या दरबारांत पोहोचले. अकबराचा वकील म्हणून विजापुरास गेलेल्या असद बेगाने परतताना तेथून तंबाखू आणि ती ओढण्याची नक्षीदार नळी बरोबर नेली व १६०४ च्या सुमारास ती बादशहापुढे ठेवली. ही हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली की, या वनस्पतीचा आपल्या वैद्यकग्रंथांत कोठे उल्लेख नाही. त्यावर असद बेगाने जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की जगातील कोणतीही रीत घेतली तरी ती कधीतरी प्रथमच सुरू झालेली असते. अकबराने चार झुरके घेतले, पण नाद लावून घेतला नाही. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. त्या बंदीचा काही उपयोग झाला नाही. पाहता पाहता चिलीम, गुडगुडी आणि हुक्का या वस्तू बैठकीतल्या पिढीजात वस्तू होऊन बसल्या, आणि तंबाखूत गूळ व सुगंधी द्रव्ये मळून, ती आंबवून तयार होणाऱ्या ‘खमिऱ्या’चे जाणकारही निर्माण झाले. अमुक गावचा खमिरा खरा, तमुक गावचा नकली, असे वाद घालणाऱ्या माणसांच्या पणजोबांनी कदाचित तंबाखूचे पान पाहिलेलेही नसेल.

बाहेरून आलेली वस्तू अस्सल होते ती केव्हा, आणि कशाने? मातीने, बियाण्याने, कृतीने, की केवळ नावाने? हा प्रश्न आम्हांस नेहमी अडवतो, कारण तो वस्तूंपुरता राहत नाही. त्याचा विचार करण्यासाठी एक फार बोलके उदाहरण आम्हांस तंबाखूच्याच इतिहासात सापडले. ते मात्र आपल्या देशातले नाही. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, ‘पेरीक’ नावाची आंबवलेली पाइपची तंबाखू दोनशे वर्षे तयार होत आली आहे. जगातील धूम्रपानाचे शौकीन जिला अद्वितीय मानतात अशी ही तंबाखू फक्त एका लहानशा टापूत होते, आणि तिच्या अस्सलपणाचा वाद आजही मिटलेला नाही.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. तंबाखूच्या अपायांविषयी आता दुमत उरलेले नाही आणि पेरीक तर निकोटिनच्या बाबतीत चांगलीच कडक असते. हा लेख तिची भलावण करण्यासाठी नाही. एका वस्तूभोवती माणसे आपली ओळख कशी विणतात, एवढेच आम्हांस पाहायचे आहे.

लुईझियानात जिल्ह्याला ‘पॅरिश’ म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिश अमदानीत चर्चच्या हद्दींवरून कारभाराचे विभाग पडले, त्याची ही खूण. न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज या दोन शहरांच्या मध्ये, मिसिसिपीच्या दोन्ही तीरांवर सेंट जेम्स पॅरिश पसरलेला आहे. त्याच्या पूर्वतीरावर, कॉन्व्हेंट आणि पॉलिना या गावांच्या आसपास, ‘ग्रँड पॉइंट’ नावाची किंचित उंचवट्याची जमीन आहे. नदीने पुरांमागून पुरांत आणून टाकलेल्या गाळाची ही माती काळसर आणि सुपीक आहे. पेरीकचे माहेर म्हणून जे सांगतात ते एवढेच, काही मैलांत मावणारे. भोवताली दूरवर उसाचे मळे आहेत, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नदीकाठाने रासायनिक कारखान्यांची रांग उभी राहिली आहे.

पेरीकची कृती समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद उमगणार नाही. वसंतात रोपे लावतात. झाडाला फुलोरा येण्यापूर्वी शेंडा खुडतात आणि बगलेत येणारे फुटवे काढून टाकतात, म्हणजे झाडाचा जोर मोजक्या पानांत उतरतो. निपाणीच्या किंवा चरोतरच्या तंबाखूपट्ट्यात ज्यांचे येणे-जाणे आहे, त्यांना हे काम नवे वाटणार नाही. भर उन्हाळ्यात झाडे बुंध्यापासून कापून कोठारात उलटी टांगतात. वाऱ्यावर ती वाळून तपकिरी झाली की पाने उतरवतात, थोडे पाणी शिंपडून ती नरम करतात आणि मधली जाड शीर हाताने ओढून काढतात. शिरा काढलेल्या पानांची सुमारे अर्ध्या किलोची पिळदार जुडी बांधतात. तिला तेथे ‘टॉर्केट’ म्हणतात. अशा जुड्या ओकच्या लाकडी पिंपात, बहुधा व्हिस्कीसाठी वापरून झालेल्या पिंपात, ठासून भरतात, वर लाकडी झाकण ठेवतात आणि त्यावर स्क्रूच्या जॅकने दाब देतात.

येथून खरी पेरीक सुरू होते. दाबाखाली पानांतून काळा रस सुटतो आणि जुड्या त्या रसात बुडून जातात. आत हवा उरत नाही. अशा कोंडलेल्या स्थितीत पाने हळूहळू आंबू लागतात. काही महिन्यांनी जॅक सैल करून पिंप उघडतात, जुड्या बाहेर काढून सोडवतात, हवा लागू देतात, रस पुन्हा पानांत जिरू देतात, मग वरच्या जुड्या खाली आणि खालच्या वर अशा रीतीने पिंप पुन्हा भरून दाबतात. असे निदान तीन वेळा करतात. सारे होण्यास वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. शेवटी जे हाती येते ते जवळजवळ काळे, ओलसर, तेलकट असते. त्याला अंजीर आणि आलुबुखार शिजवल्यासारखा वास येतो, मागून शिरक्याची आणि मिऱ्याची झाक येते. नुसती पेरीक ओढणारे विरळाच. व्हर्जिनियाच्या गोडसर पानांत ती थोड्या प्रमाणात मिसळतात. स्वयंपाकात जे स्थान मिऱ्याचे, ते पाइपच्या मिश्रणात पेरीकचे.

आपल्याकडे लोणचे ‘मुरते’ असे म्हणतात. या क्रियापदात जो काळ आणि जो संयम आहे तोच येथेही आहे. रासायनिक दृष्टीने पाहता हे मुरणे म्हणजे सूक्ष्म जीवांचे काम. ‘पिकिया अनोमला’ नावाचे यीस्ट पेरीकच्या आंबण्यात विशेष क्रियाशील असते, असे अलीकडच्या अभ्यासांत आढळले आहे. पिकलेल्या फळांसारखे वास निर्माण करण्याबद्दल हे यीस्ट प्रसिद्धच आहे. अंजिराचा आणि आलुबुखाराचा भास होतो, तेव्हा त्यात बाहेरून घातलेला कोणताही अर्क नसतो. पान, पाणी, दाब, वेळ आणि डोळ्यांना न दिसणारा हा कामकरी, एवढेच त्याचे साहित्य.

आता उगमाची कथा. ती तेथे कोणीही सांगेल. चोक्टॉ आणि चिकसॉ या मूळ निवासी जमाती पोकळ ओंडक्यात तंबाखूची पाने घालून लांब दांड्याच्या तरफेने ती दाबून ठेवीत. पिएर शेने नावाच्या शेतकऱ्याने ही रीत त्यांच्याकडून उचलली, सुधारली आणि १८२४ मध्ये विक्रीसाठी माल काढला. ‘पेरीक’ हे शेनेचेच टोपणनाव, अशीही परंपरा आहे. हा शेने ‘अकेडियन’ होता.

अकेडियन म्हणजे कोण, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया आणि लगतच्या प्रदेशात सतराव्या शतकात फ्रेंच शेतकरी जाऊन वसले होते. त्या मुलखाचे नाव अकेडिया. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहाने त्याचा मोठा भाग इंग्रजांकडे गेला. बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घेण्यास या लोकांनी नकार दिला, तेव्हा १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरादारांतून हुसकावून जहाजांवर चढवले. १०,००० हून अधिक माणसे देशोधडीस लागली. अनेक रोगांनी आणि जहाजे बुडून मेली. उरलेल्यांपैकी काही भटकत १७६४-६५ पासून लुईझियानात येऊ लागली, आणि १७८५ मध्ये स्पेनच्या राजाच्या खर्चाने सात जहाजांतून सुमारे १,६०० जण फ्रान्सहून तेथे उतरले. तेव्हा लुईझियाना स्पेनच्या ताब्यात होता. नदीकाठच्या ज्या पट्ट्यात त्यांना जमिनी मिळाल्या, त्याला पुढे ‘अकेडियन किनारा’ असेच नाव पडले. आजचा सेंट जेम्स पॅरिश त्यातच येतो.

म्हणजे ज्या समाजाच्या नावाने पेरीक ओळखली जाते, तो समाजच मुळात त्या मातीतला नव्हता. गहू आणि कोबी पिकवणाऱ्या थंड मुलखातून तो उष्ण, दमट, पाणथळ प्रदेशात आला होता. तंबाखूचे पान मूळ निवाशांचे, दाबण्याची युक्ती त्यांचीच, ओकची पिंपे आणि लोखंडी स्क्रू युरोपीय. यांतले कोणतेही अंग एकट्या अकेडियनांचे नव्हे. त्यांची आहे ती जुळणी.

या कथेतही काही जागा इतिहासाच्या अभ्यासकाने बोट ठेवण्याजोग्या आहेत. चिकसॉ लोकांचा मूळ मुलूख आजच्या मिसिसिपी राज्याच्या उत्तरेस, सेंट जेम्सपासून शेकडो किलोमीटर दूर होता. चोक्टॉही मुख्यतः मिसिसिपी राज्यातलेच, जरी त्यांच्या काही टोळ्या पुढे लुईझियानात येऊन राहिल्या. ग्रँड पॉइंटच्या बांधावर या दोन्ही जमाती आपल्या पोकळ ओंडक्यांसह शेजारी नांदत होत्या, हे चित्र दंतकथेने सोयीसाठी रंगवलेले दिसते. शिवाय या कथेत नाव आहे ते एकट्या शेनेचे. ज्यांनी युक्ती शिकवली त्या माणसांपैकी एकाचेही नाव तिच्यात नाही. याच नदीकाठच्या मळ्यांत १८६५ पर्यंत गुलामगिरी होती. पानांच्या शिरा ओढण्याचे आणि पिंपे ठासण्याचे किचकट काम ज्या हातांनी केले त्यांत आफ्रिकी वंशाच्या मजुरांचेही हात होते, आणि त्यांनाही दंतकथेत जागा मिळालेली नाही. अस्सलपणाची कथा जेव्हा एका मूळपुरुषाच्या नावावर येऊन थांबते, तेव्हा ती बहुधा इतर पुष्कळांना वगळून तेथवर आलेली असते.

पुढे विसाव्या शतकाने पेरीकची कसोटी घेतली. पाइपचा शौक मागे पडला, सिगारेट पुढे आली. उसाची तोडणी यंत्रांनी होऊ लागली, पण पेरीकच्या कामात यंत्राला वाव नव्हता. नदीकाठच्या कारखान्यांत बरी नोकरी मिळत असता, भर उन्हात शेंडे खुडण्यास आणि वर्षभर पिंपे राखण्यास तरुण पिढी का तयार व्हावी? १९९० च्या दशकाच्या अखेरीस पेरीक पिकवणारी शेते बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती, आणि एखाददुसरे कुटुंब थांबले तर सारा प्रकारच संपला असता. पेरीकला सावरले ते एका सिगारेट कंपनीने. न्यू मेक्सिकोतील सँटा फे नॅचरल टोबॅको या कंपनीने सन २००० च्या सुमारास आपल्या एका मिश्रणासाठी पेरीकची मागणी सुरू केली. ती कंपनी २००२ मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स या बड्या उद्योगाच्या छत्राखाली गेली. ज्या सिगारेटने पाइपला मागे सारले, तिच्याच पैशावर पाइपची ही तंबाखू तगली.

या टंचाईच्या काळातच अस्सलपणाचा प्रश्न धारदार झाला. सेंट जेम्समध्ये पिकलेले पान पुरेना, तेव्हा केंटकी राज्यातून ‘ग्रीन रिव्हर’ जातीचे बर्ली पान आणून, त्याच ग्रँड पॉइंटवर, तशाच पिंपांत, त्याच रीतीने आंबवण्याचा उपाय निघाला. हे पान आणि स्थानिक पेरीक यांचे मिश्रण ‘अकेडियन पेरीक’ या नावाने बाजारात गेले. अनेक प्रसिद्ध मिश्रणांतील ‘पेरीक’ ही वस्तुतः अशीच होती. धूम्रपानाच्या जाणकारांत दोन तट पडले. एक तट म्हणे, सेंट जेम्सच्या मातीत उगवले नाही ते पेरीक नव्हे, मग कितीही आंबवा. दुसरा म्हणे, पेरीक हे रोपाचे नावच नाही, ते आंबवण्याच्या रीतीचे नाव आहे. तेव्हा पान कोठलेही असो, पिंप ग्रँड पॉइंटवरचे असले की पुरे.

दोन्ही बाजूंचे दावे आपण शांतपणे तपासून पाहू.

प्रथम माती. पेरीकचे रोप दुसरीकडे लावले तर ते उगवते, पण तो स्वाद येत नाही, असा तेथील शेतकऱ्यांचा ठाम विश्वास आहे. माती, उष्मा आणि दमटपणा यांचा पानाच्या घडणीवर परिणाम होतो हे खरेच. परंतु माती म्हणजे काही कायमची ठेव नव्हे. ग्रँड पॉइंटची जमीन नदीच्या पुरांनी घडवली. त्या नदीला अठराव्या शतकापासून बंधारे घालण्यास सुरुवात झाली. १९२७ च्या महापुरानंतर, १९२८ च्या कायद्याने, ते बंधारे केंद्र सरकारच्या खर्चाने आणखी भक्कम झाले. शेनेच्या काळी अधूनमधून नवा गाळ पसरवणारी नदी आता या शेतांत माती टाकत नाही. जी माती अस्सलपणाचा पाया मानावी तीच अशा रीतीने बदललेली आहे.

दुसरे बियाणे. त्याचे जतन आवश्यकच आहे, आणि पिढ्यानपिढ्या आपल्याच शेतातील निवडक झाडांना फुलू देऊन बी धरणाऱ्या कुटुंबांचे ऋण मोठे आहे. पण बी मूठभर असते, ते कोठेही नेता येते. अमेरिकेत आणि इतरत्र कित्येक हौशी मंडळी परसात पेरीकचे रोप लावतात आणि काचेच्या बरणीत दाबून ते आंबवतात. बियाणे तेच, तरी त्या बरणीला सेंट जेम्सचे पिंप कोणी म्हणणार नाही.

तिसरी कृती. ही तर लिहून काढता येते. आम्हीच वर तिचे वर्णन केले आहे. मात्र ते वाचून कोणी पेरीक तयार करू पाहील तर पहिल्याच वर्षी पिंप कुजवून बसेल. पान किती नरम झाले म्हणजे शीर न फाटता निघते, जॅक किती आवळावा, रसाचा वास कोणता आला म्हणजे पिंप उघडावे, ही माहिती बोटांत आणि नाकात राहते, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे शेजारी उभे राहूनच जाते. यीस्टचा आधार घेऊन स्थळाचा मक्ता सिद्ध करता येईल, असेही नाही. ‘पिकिया अनोमला’ फळांवर, धान्यावर जगभर आढळते. ते कोठेही मिळेल. त्याला राबवून घेण्याचे शहाणपण मात्र सर्वत्र मिळत नाही.

चौथे नाव. येथे दुसऱ्या एका तंबाखूचे उदाहरण उपयोगी पडेल. सीरियाच्या किनाऱ्यावर लताकिया नावाचे बंदर आहे. त्याच्या नावाची, धुरावर धरून काळी केलेली ‘लताकिया’ तंबाखू पाइपच्या मिश्रणांत पेरीकइतकीच प्रसिद्ध आहे. आज बाजारात दिसणारी बरीचशी लताकिया सायप्रसची असते. पान वेगळे, धुरासाठीचे लाकूड-झुडूप वेगळे, स्वादही थोडा वेगळा. परंतु जाणकार तिला ‘सायप्रसची लताकिया’ असे स्पष्ट म्हणतात, आणि कोणाचीही फसवणूक होत नाही. नाव समुद्र ओलांडून गेले, पण जाताना आपल्या नव्या गावाचे नाव शेजारी लावून गेले. नावाचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हा.

हाच न्याय आम्ही पेरीकला लावू. केंटकीचे पान ग्रँड पॉइंटवर आंबवले, यात आम्हांस खोटे काही दिसत नाही. टंचाईच्या काळात पिंपे रिकामी पडली असती तर ती भरण्याचे कसब विसरले गेले असते. परक्या पानाने ते कसब जिवंत ठेवले, म्हणूनच पुढे मागणी वाढल्यावर स्थानिक पान पुन्हा लावता आले. दोष असेल तर तो मिश्रणाचा नव्हे. मिश्रण असूनही डब्यावर केवळ ‘पेरीक’ लिहिण्याचा आहे. जेथे ‘यात अमुक पान केंटकीचे आहे’ असे सांगितले जाते, तेथे अस्सलपणा भंगत नाही. ते सांगणे हा अस्सलपणाचाच भाग होय.

आपल्या कायद्यानेही या प्रश्नाला एक उत्तर दिले आहे. १९९९ चा भौगोलिक निर्देशांकांचा कायदा २००३ मध्ये अमलात आला. त्यानुसार २००९ मध्ये गोव्याच्या काजूफेणीला आणि २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळाले. चपलेचा निवाडा आम्हांस विशेष शहाणपणाचा वाटतो. नाव कोल्हापूरचे, परंतु हक्क आठ जिल्ह्यांना मिळाला : महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर, तसेच कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर. चामडे कमावणारे आणि शिवणारे हात राज्याची सीमा आखली जाण्यापूर्वीपासून दोन्हीकडे होते, आणि कायद्याने सीमेऐवजी त्या हातांना प्रमाण मानले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या नामांकित कंपनीने त्याच घडणीच्या चपला मिलानच्या प्रदर्शनात मांडल्या, तेव्हा आक्षेप आला तो प्रथम मूळ कारागिरांचा उल्लेखही केला नाही यावर. पुढे कंपनीने ते मूळ मान्य केले. मागणी होती ती खरे नाव घेण्याची.

पुन्हा सेंट जेम्सकडे वळू, कारण तेथील कथेचा एक धागा अजून शिल्लक आहे. ‘अकादियें’ हा फ्रेंच शब्द बोलण्यात झिजून ‘कादियें’ झाला आणि इंग्रजी तोंडी तो ‘केजन’ झाला. अकेडियनांचे वंशज आज याच नावाने ओळखले जातात. १९२१ च्या राज्यघटनेने लुईझियानातील सरकारी शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरवले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाल्या. ती मुले मोठी झाली, तेव्हा आपल्या लेकरांना तो अपमान नको म्हणून त्यांच्याशी इंग्रजीतच बोलू लागली. दोन पिढ्यांत घरची भाषा आजी-आजोबांपुरती उरली. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या संवर्धनासाठी खास मंडळ नेमले, तोवर पुष्कळ पाणी वाहून गेले होते. पिंप मात्र राहिले. ज्या घरांतून फ्रेंच गेली त्या घरांतही ‘टॉर्केट’ हा शब्द कोठारात टिकला, कारण ती जुडी बांधण्याचे काम टिकले. भाषेला रोजचे काम उरले नाही म्हणून ती उतरणीस लागली, आणि एक शब्द कामाला लागलेला होता म्हणून राहिला. तीन पिढ्या अपरिचित भाषेच्या गराड्यात काढलेल्या आपल्यासारख्या घरांना यातला अर्थ वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या घरांना ‘तुमची मराठी अस्सल आहे काय?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईचे पाहुणे कधी थट्टेने, तर कधी गंभीरपणे विचारतात. आपणही कधी आपल्याच मुलांना तो विचारतो. पेरीकच्या इतिहासाने आम्हांस या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे. आपल्या बोलण्यात गुजराती, माळवी, कानडी किंवा दख्खनी शब्द आले, ते केंटकीच्या पानासारखे आहेत. पिंप रिकामे पडू नये म्हणून ते आत आले. त्यांनी बाटल्याचे दुःख करण्याचे कारण नाही, तसेच ते मुळातच आपले होते असे भासवण्याचेही नाही. आजीच्या पाककृतीच्या वहीत एखादा जिन्नस आसपासच्या बाजारातला असेल, तर तो कोणत्या शेजारणीने सुचवला हेही तिच्या नावासह लिहून ठेवावे. शेनेचे नाव राहिले आणि शिकवणारे विसरले गेले, तशी चूक आपल्या घरांच्या इतिहासात होऊ नये.

आणि मुख्य म्हणजे पिंप भरत राहावे लागते. ग्रँड पॉइंटवर संकट आले ते काम पुढे नेणारी माणसे उरेनात म्हणून. माती आणि बियाणे तर तेथे होतेच. आपल्या मंडळांचीही अवस्था याहून निराळी नाही. ग्रंथालये आहेत, जुने अंक बांधून ठेवलेले आहेत, पदाधिकारीही आहेत. वर्षातून तीन वेळा जॅक सैल करून पाने बाहेर काढणारे, त्यांना हवा दाखवून वरची खाली आणि खालची वर करणारे हात कमी पडतात. जुन्या अंकातला एखादा लेख घरातल्या मुलांना वाचून दाखवणे, त्यांना न कळलेला शब्द समजावणे, आणि त्यांनी त्यांच्या भाषेत जे सांगितले ते ऐकून घेणे, इतके साधे हे काम आहे. ते कंटाळवाणे आहे आणि त्याला वर्ष लागते. सेंट जेम्समध्ये दोनशे वर्षे ते केले गेले, म्हणून तेथील तंबाखूला अस्सल म्हणावे लागते.